फोर्कलिफ्टखाली पाय गेला, आणि ठेकेदार म्हणतो 'मोटरसायकल घसरली असं सांग'

मखमलाबादी

अंबड एमआयडीसीतल्या एका गोदामात ठेकेदाराकडे हेल्पर असलेल्या तीस वर्षांच्या मुलाचा डावा पाय फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली आला. पायात सेफ्टी शूज होते, तरी पावलाची हाडं चुरली आणि अंगठा काढावा लागला. पगार महिना १५,००० रुपये, २६ हजेऱ्यांचा. ठेकेदारानं खासगी दवाखान्यात नेलं आणि वाटेतच बजावलं, "मोटरसायकल घसरली म्हणून सांग, खर्चाचं आम्ही बघतो." वेदनेत त्यानं तसंच सांगितलं. कंपनी म्हणते, हा आमच्या हजेरीपटावर नाही. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. दवाखान्यात चुकीचं सांगितलं गेलंय, ते दुरुस्त होतं का? पैसे नेमके कोणाकडून आणि किती? आणि सेफ्टी शूज असताना पाय कसा चुरला, यात सगळा दोष ड्रायव्हरचा का?

सिडकोची_वकील

सगळ्यात आधी पहिला प्रश्न, बाकीचं नंतर. आजच्या आज जबाब दुरुस्त करा. "मोटरसायकल घसरली" हे दोन शब्द केसपेपरवर राहिले तर ईएसआय (कामगारांचं सरकारी विमा महामंडळ) म्हणेल हा कामावरचा अपघात नाही, कंपनीचा वकील तोच कागद कोर्टात पुढे करेल आणि विमा कंपनी तर वाटच बघत असते.

मुलानं स्वतःच्या सहीनं (सही जमत नसेल तर अंगठा आणि एक साक्षीदार) दवाखान्याला अर्ज द्यायचा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी काम करताना फोर्कलिफ्टचं चाक पायावरून गेलं; दाखल होताना दबावाखाली वेगळं सांगितलं; योग्य नोंद करून पोलिसांना एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय केस) कळवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का आणि वेळ घ्यायची. मग त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात तोच मजकूर लेखी. डॉक्टरांनी जखमेचं जे वर्णन केलंय ते बघा. चाकाखाली चिरडलेलं पाऊल आणि रस्त्यावर घासलेली कातडी हे वेगळं दिसतं. मोटरसायकल घसरली असती तर गुडघा, कोपर, तळहात खरचटले असते. तसं काही नोंदलेलं नसेल, तर तोच कागद मुलाच्या बाजूनं बोलतो.

त्र्यंबकरोड

+१. अजून एक, आणि याला वेळ नाही: सीसीटीव्ही. बहुतेक गोदामांतले डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारी पेटी) पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं चित्रीकरण पुसून त्यावरच नवं करतात. कंपनीला आजच लेखी द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक शेडचं चित्रीकरण जपून ठेवावं. पोलिसांच्या अर्जातही तीच ओळ घाला. उद्या "पुसलं गेलं" म्हणाले तर निदान पत्र मिळाल्यावर पुसलं हे दिसेल.

मास्टचेन

शूजचा प्रश्न कुणी घेतला नाही, तो मी घेतो.

सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीची चाचणी दोन आकड्यांवर होते: २०० जूल आघात आणि १५ किलोन्यूटन दाब. १५ किलोन्यूटन म्हणजे साधारण दीड टन. ही टोपी बोटांच्या पुढच्या भागावर असते, पावलाच्या कमानीवर नाही.

आता गाडी. ३ टनी डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास. रिकामी असताना निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर, कारण काउंटरवेट (तोल सांभाळणारं लोखंडी वजन) मागे. म्हणजे मागच्या एका चाकावर सव्वा टनाच्या पुढे. माल उचलला की तेच वजन पुढे सरकतं आणि पुढच्या दोन चाकांवर मिळून सहा-साडेसहा टन येतात, एकेका चाकावर तीन टनांच्या वर. टोपी एवढ्यासाठी बनलेलीच नाही. त्यात चाक कमानीवर आलं तर टोपीचा संबंधच उरत नाही, उलट तिची मागची कड पावलात रुतते.

"शूज घातले होते, तरी पाय गेला" यात शूज खराब होते असं धरून चालू नका. शूज पेटी पडली तर वाचवतात. चाकापासून वाचवतं ते अंतर.

शिफ्टइनचार्ज

सगळे कंपनीवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. हेल्पर मोबाईलवर बोलत गाडीच्या मागून जातात, पॅलेट (मालाखालचा पाट) सरळ करायला फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या पात्यांच्या, बाजूला हात घालतात, वर चढायचं तर फोर्कवर उभे राहून "उचल रे" म्हणतात. महिन्यात दोनदा टूलबॉक्स टॉक (सुरक्षेची छोटी बैठक) होतो, सह्या घेतल्या जातात. ऐकायचंच नाही ठरवलं तर इनचार्जनं काय करायचं?

त्र्यंबकरोड

शिफ्टइनचार्ज साहेब, तुम्ही सांगता ते खोटं नाही. पण "मागून जाऊ नका" ही सूचना द्यायची आणि जायला मागचीच जागा ठेवायची, हे कसं चालेल?

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. ड्रायव्हर पुढे बघून डावीकडे वळला की गाडीचा मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर फेकला जातो. मोटरगाडीची सवय असलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही, कारण मोटरीचं मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं आणि इथे उलट. शेजारी उभा असलेला हेल्पर "गाडी तर पलीकडे चालली" असं समजून निवांत राहतो, आणि मागचं चाक त्याच्या पावलावर येतं. मूळ धाग्यातला अपघात मागच्या चाकाचा आहे, तो बहुधा असाच घडलेला असणार.

अंबडच्या कुठल्याही जुन्या शेडमध्ये जाऊन जमिनीकडे बघा. चालायची पिवळी पट्टी रंगवलेली असते आणि दिवाळीच्या आधी माल वाढला की तिच्यावरच पॅलेट लागतात. पट्टीचं एक टोक पॅलेटखालून डोकावतं, दुसरं रॅकखाली गेलेलं. मग माणसानं चालायचं कुठून? फोर्कलिफ्टच्या वाटेवरूनच. तिथे हजार सह्या घेतल्या तरी उपयोग नाही. पट्टीच्या जागी जमिनीत बोल्ट केलेलं रेलिंग लावा, माणसांचं दार आणि गाडीचं दार वेगळं करा, वळणावर गोल आरसा आणि गाडीवर निळा दिवा बसवा. आणि ट्रक भरताना हेल्परला उभं राहायची एक जागा ठरवून द्या. तो तिथे दिसला नाही तर ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, एवढाच नियम.

शिफ्टइनचार्ज

रेलिंगचं मान्य. आमच्याकडे पट्टीवर माल लागतो हेही मान्य. पण जागा वाढवून मागितली की वरून उत्तर येतं, आधी ट्रक काढा.

नोंदवही

म्हणूनच ती मागणी तोंडी करू नका, ईमेलवर करा. अपघात झाला की "सुपरवायझरनं कळवलं नव्हतं" असं म्हणून तुमच्याही गळ्यात येतं.

आता पैशांचं. पहिली पायरी: मुलाला ईएसआयचा दहा आकडी विमा क्रमांक आहे का ते बघा. पगारातून ०.७५ टक्के कापलं जात असेल तर आहे (मालकाचे ३.२५ टक्के वेगळे). पगाराची मर्यादा २१,००० रुपये, तेव्हा १५,००० वाला आत येतो. ठेकेदारानं नोंद केलीच नसेल तरी घाबरू नका. ईएसआयमध्ये ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी भरायची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कंपनीची. भरली नसेल तर महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं. कामावरच्या दुखापतीला "इतके दिवस वर्गणी भरलेली हवी" अशी अटच नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

अपघातानंतर दोन दिवसांनी घाईनं नंबर काढून देतात, तेव्हा नोकरीत लागल्याची तारीख खोटी टाकली जाते. तो फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका.

हिशेब असा. १५,००० भागिले २६ म्हणजे रोजचे ५७७. त्याचे ९० टक्के सुमारे ५१९ रुपये रोज, डॉक्टर "कामाला अयोग्य" लिहून देतील तोवर. हा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. नंतर मेडिकल बोर्ड कायमचं नुकसान ठरवतं. नुसत्या अंगठ्याचे, म्हणजे पायाचा अंगठा मुळापासून गेला तर, परिशिष्टात १४ टक्के आहेत. ५१९ चे १४ टक्के म्हणजे रोज ७२ रुपये ६६ पैसे, महिना २,१८० च्या घरात, आयुष्यभर. पावलाच्या बाकीच्या हाडांचं नुकसान त्यावर वेगळं धरायला लावायचं.

उपचाराचा खर्च, कृत्रिम अवयव, विशेष बूट हे ईएसआयकडून. सातपूरला ईएसआयचं रुग्णालय आहेच. खासगीत दाखल असेल तर तिथले सगळे मूळ कागद जपा.

गोदाकाठ

महिना २,१८०?? एवढ्यात काय होतं. ईएसआय सोडा, सरळ लेबर कोर्टात नुकसानभरपाईचा दावा ठोका.

सिडकोची_वकील

गोदाकाठ, तसं करता येत नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. माणूस ईएसआयखाली विमाधारक असेल तर त्याच दुखापतीसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्यानं नुकसानभरपाई मागायला बंदी आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेस्टर्न इंडिया प्लायवुडच्या निकालात हीच बंदी दिवाणी दाव्यालाही लावली. दोन वर्षं कोर्टात घालवून दावा फेटाळला जायचा, आणि तोवर ईएसआयचे कागद जुने व्हायचे.

ईएसआय लागूच नसेल तरच कर्मचारी नुकसानभरपाईचा रस्ता. १९२३ चा कायदा, आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नं घेतली आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. अपघात त्याआधीचा असेल तर जुना कायदा. कलमांचे क्रमांक बदलले, सूत्र तेच आहे:

मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के गुणिले गुणक. अंशतः असेल तर त्यातले जितके टक्के कमाईची क्षमता गेली तितके. हिशेबाला धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० (३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं). तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. म्हणजे पूर्ण अपंगत्वाला ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२०. नुसत्या अंगठ्याचे १४ टक्के धरले तर २,६२,०५५. वय वाढलं की गुणक उतरतो, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नाशीला १५३.०९.

यात उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दाव्याची मुदत दोन वर्षं. आणि "आमच्या हजेरीपटावर नाही" हे कंपनीचं उत्तर इथे टिकत नाही. ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या नेहमीच्या कामात, कंपनीच्या जागेत असताना जखमी झाला तर दावा थेट कंपनीवर करता येतो. कंपनीनं पैसे भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, तो त्यांचा आपापसातला प्रश्न.

अनामिक_हजेरी

पगार १५,००० पण कागदावर ९,००० दाखवतात. मग?

सिडकोची_वकील

बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, व्हॉट्सअॅपवरचे ड्यूटीचे आणि पगाराचे मेसेज, गेटची अंगठा-हजेरी, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब. रोखीनं मिळत असेल तर इतर हेल्परांना काय मिळतं ते दाखवायचं. कोर्ट फक्त ठेकेदाराच्या रजिस्टरवर जात नाही.

प्लास्टर

टक्क्यांबद्दल थोडं. १४ टक्के हा अंगठ्याचा आकडा परिशिष्टातला. पण पावलाची हाडं चुरली असतील तर टाच-कमान-बोटं ही चालण्याची साखळीच तुटते. अंगठ्याशिवाय चालताना पावलाला शेवटचा रेटा देता येत नाही, जिना उतरताना तोल जातो, उंचावर उभं राहून माल लावणं जमत नाही. हे सगळं डॉक्टरांच्या दाखल्यात शब्दांत यायला हवं: किती वेळ उभं राहता येतं, किती किलो उचलता येतं, उकिडवं बसता येतं का. नुसतं "डाव्या पायाचा अंगठा नाही" एवढंच लिहिलं तर १४ वरच अडकतं.

आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, अशा अपघाताच्या पहिल्या तासाचं. बूट खेचून काढू नका. रक्त जोरात येत असेल तरच कापून काढा, दाबून धरा. बोट तुटलं असेल तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात. १०८ ला फोन. पाऊल दगडासारखं कडक झालं, बोटं हलवताच असह्य कळ येते आणि वेदनेचं औषध देऊनही फरक नाही, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतोय, काही तासांत शस्त्रक्रिया लागते.

गोदाकाठ

बंदीचं माहीत नव्हतं, धन्यवाद ताई. पण मग ईएसआय नसेल आणि मुलगा पुन्हा हेल्परचं काम करूच शकत नसेल, तर १४ च टक्के?

सिडकोची_वकील

नाही. बघायचं ते कमाईच्या क्षमतेचं नुकसान, आणि ते त्या माणसाच्या कामाच्या संदर्भात. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही म्हणून नुकसान १०० टक्के धरलं गेलं. दोन्ही पायांवर दिवसभर उभं राहून ओझं उचलणाऱ्या हेल्परच्या पावलाला हाच मुद्दा लावून मांडता येतो, पण प्लास्टर म्हणतात तसा दाखला हवा. त्याशिवाय नुसता निकाल वाचून दाखवून भागत नाही.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे: पैसे देय होतात ते अपघाताच्या दिवशी, कोर्टाच्या निकालाच्या दिवशी नाही. व्याज त्या हिशेबानं मागायचं.

बेदाणा

थोडं अवांतर, पण नाशिकचं. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जानेवारी ते एप्रिल फोर्कलिफ्ट रात्रंदिवस चालते. तिथली जमीन ओली असते. थंड खोलीचं दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत येते आणि उंबऱ्यापाशी पाणी सुटतं. बॅटरीवरची गाडी सरळ चालताना काही कळत नाही, ब्रेक मारला की घसरते. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना खरखरीत पट्टा आणि पाणी ओढायला माणूस, दोन्ही हवं. पावसाळ्यात बाहेरच्या चिखलातून आत येणाऱ्या गाडीचंही तसंच.

हंगामी माणसं तीन महिन्यांची म्हणून ईएसआय, हजेरी काहीच नीट नसतं. त्यांचं काय?

सिडकोची_वकील

तीन महिने असोत की तीन दिवस. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाई कायदा लागतो. मालकाच्या धंद्याच्या कामावर होता आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरे.

मास्टचेन

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, दोष कोणाचा. ड्रायव्हरला काढलं की चौकशी संपली असं होतं, म्हणून गाडीचं काय बघायचं ते सांगतो.

मास्टजवळ (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाजवळ) किंवा डॅशवर क्षमतेची पाटी असते. "३,००० किलो, ५०० मिमी" असं लिहिलेलं असेल तर माल फोर्कच्या उभ्या तोंडापासून ५०० मिमीवर केंद्र असलेला धरलाय. १.२ मीटर खोल पॅलेट असेल तर केंद्र ६०० वर जातं. दोन मीटर लांबीची पॅनेलची पेटी असेल तर एक मीटरवर. पुढचा आस फोर्कच्या तोंडापासून ४८० मिमी मागे धरा: ३,००० × ९८० ÷ १,४८० = सुमारे १,९८५ किलो. ३ टनी गाडी तिथे २ टनी राहते. पेटीत ट्रान्सफॉर्मर एका टोकाला असेल तर त्याहून कमी. वर साइड शिफ्टर किंवा क्लॅम्पसारखं जोडअवजार बसवलं असेल आणि पाटी जुनीच असेल, तर पाटी खोटं सांगतेय. मोठी उंची गाठली की अजून घट.

माल जास्त झाला की मागची चाकं हलकी होतात. मागची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंगच हलकं. ड्रायव्हर वळवतो एक, गाडी जाते दुसरीकडे. अशा वेळी काही ठिकाणी हेल्परांना काउंटरवेटवर बसवतात. हा खुनाचा प्रकार आहे.

बेदाणा

चार चाकं असून उलटते कशी? लोकांना हे पटतच नाही.

मास्टचेन

चार चाकं दिसतात, गाडी उभी असते तीन बिंदूंवर. मागचा आस मधल्या एका पिनवर झुलतो. म्हणजे पुढची दोन चाकं आणि मागची पिन, असा त्रिकोण. गाडी आणि मालाचं मिळून केंद्र त्या त्रिकोणात आहे तोवर ठीक. फोर्क वर उचलून वळण घेतलं की केंद्र वर आणि बाहेर जातं. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून १५०-२०० मिमी आणि मास्ट मागे झुकलेला. रॅम्पवर माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामी असेल तर उलट, फोर्क उताराकडे.

उलटायला लागली तर उडी मारायची नाही. उडी मारणारा ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला वरची जाळी येते आणि छातीवर बसते. पट्टा बांधलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले, अंग पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकवलेलं. पट्टा नसेल तर हे जमत नाही, म्हणून पट्टा.

शिफ्टइनचार्ज

ही माहिती प्रिंट काढून शेडमध्ये लावतो. पण एक विचारतो. हेल्पर खरंच फोर्कवर उभा राहून पडला, मनाई असताना, तर त्याचे पैसे बुडतात का?

नोंदवही

ईएसआयमध्ये नियम मोडला असला तरी मालकाच्या कामासाठीच ते करत होता आणि नियम पाळला असता तर ते काम त्याच्या नोकरीचाच भाग ठरलं असतं, तर तो कामावरचाच अपघात धरतात. नुकसानभरपाई कायद्यात दारूच्या नशेत, मुद्दाम आदेश मोडून किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून इजा झाली तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही बचाव मिळत नाही. आणि "मुद्दाम" शब्दाला वजन आहे. रोज सगळ्यांसमोर चालणारी गोष्ट, जी सुपरवायझर बघतो आणि थांबवत नाही, ती मुद्दाम मोडलेली मनाई कशी म्हणायची?

गंगापूररोड२

पोलीस केस झाली तर ड्रायव्हरच अडकणार ना? गरीब माणूस गरिबाविरुद्ध.

त्र्यंबकरोड

बहुतेकदा एफआयआर त्याच्यावर होतो हे खरं. पण जबाबात हेही लिहा: गाडीची रोजची तपासणी यादी होती का, रिव्हर्स हॉर्न वाजत होता का, उजेड किती होता, ड्रायव्हर किती तास सलग ड्यूटीवर होता, त्याला प्रशिक्षण दिल्याचा कागद आहे का. उचलण्याची यंत्रं सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासून घेणं कारखान्याला बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र आहे का, कोणत्या तारखेचं? यंत्राबाबत निष्काळजीपणाचं वेगळं कलम भारतीय न्याय संहितेत आहे, २८९. ते फक्त चालवणाऱ्याला लागत नाही.

तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करा. ४८ तास किंवा जास्त काम बंद राहील अशा दुखापतीची नोटीस कारखान्यानं त्यांना द्यायचीच असते. ठेकेदारांना "मोटरसायकल" का हवी असते, ते इथे कळतं. नवीन संहितेत कसूर सिद्ध झाली आणि गंभीर इजा झाली असेल तर दंड २ ते ४ लाख, मृत्यू असेल तर किमान ५ लाख, आणि त्यातली निदान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

अनामिक_हजेरी

ठेकेदार स्टॅम्पपेपरवर ५०,००० देऊन "आता काही तक्रार नाही" लिहून मागतो. घ्यावेत का?

सिडकोची_वकील

हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यानं रद्दच आहे. तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवून. मृत्यूच्या केसमध्ये तर वारसांच्या हातात थेट दिलेली रक्कम नुकसानभरपाई धरलीच जात नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. उपचारासाठी पैसे देत असतील तर घ्या, पण पावतीवर "औषधोपचाराच्या खर्चापोटी" एवढंच. कोऱ्या कागदावर सही नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात कामगाराचा उल्लेख स्पष्ट आहे.

गंगापूररोड२

अपंग झाल्यावर नोकरीवरून काढता येत नाही ना? अपंगांच्या कायद्यात आहे असं ऐकलं.

नोंदवही

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ते संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे, खासगी गोदामाला लागत नाही. ईएसआयकडून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असेपर्यंत मात्र मालक कामावरून काढू शकत नाही की शिक्षा करू शकत नाही. म्हणून डॉक्टरांचे रजेचे दाखले एकमेकांना जोडलेले हवेत, मध्ये एक दिवसाचीही फट नको.

मखमलाबादी

सगळ्यांचे मनापासून आभार. घडलेलं असं: दवाखान्यानं अर्ज घेतला, शिक्का दिला, पण "मूळ पेपर बदलता येत नाही" म्हणाले. विमा क्रमांक निघाला, नोंदणीची तारीख अपघातानंतरच्या दुसऱ्या दिवसाची. कंपनीच्या गेटवर पत्र घेतलंच नाही.

सिडकोची_वकील

मूळ पेपर बदलायला सांगूच नका. खोडलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही. अर्ज केसपेपरला जोडून घ्या आणि संपूर्ण इनडोअर पेपरांच्या (दाखल असतानाच्या नोंदींच्या) प्रती लेखी मागा, त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. परिचारिकांच्या नोंदीत पहिल्या रात्री पेशंट काय बोलला ते बऱ्याचदा लिहिलेलं सापडतं. तो भाग आधी वाचा.

कंपनीचं पत्र आता स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. पाकिटावर कंपनीचा प्लॉट नंबर नीट लिहा. नाकारलं तर "घेण्यास नकार" असा शेरा येऊन पाकीट परत येईल, ते न फोडता तसंच ठेवा. त्यात मजकूर फार नको: नाव, कामाची जागा, अपघाताची तारीख-वेळ, कोणत्या गाडीखाली, कोणती इजा, सीसीटीव्ही आणि हजेरी जपावी, अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवून त्याची प्रत द्यावी.

नोंदवही

नोंदणीच्या तारखेसाठी ईएसआयच्या शाखा कार्यालयात वेगळा अर्ज द्या. सोबत अपघाताआधीचे पगाराचे बँक व्यवहार आणि गेटची हजेरी. तारीख मागे नेणं हे महामंडळाच्या हातात आहे आणि त्यात मालकाला उत्तर द्यावं लागतं. शाखेनं तोंडी नाही म्हटलं तरी अर्जावर आवक क्रमांक घ्या.

मास्टचेन

गोदामात पोलीस पंचनाम्याला जातील तेव्हा सोबत कुणी असेल तर चार फोटो मागा: क्षमतेची पाटी, तासांचं मीटर, मागच्या टायरची झीज आणि फोर्कची टाच (पातं जिथे वाकून आडवं होतं तो कोपरा). टाच मूळ जाडीच्या १० टक्के झिजली की फोर्क बाद. जाडी कॅलिपरनं मोजायची, डोळ्यानं नाही. रिव्हर्सचा भोंगा तिथल्या तिथे वाजवून बघायला सांगा. अपघातानंतर सगळ्यात आधी दुरुस्त होतो तो भोंगा, तेव्हा नवीन वायर दिसली तर तिचाही फोटो.

मखमलाबादी

पंचनामा परवा सकाळी अकराला आहे. मुलाचा थोरला भाऊ जाणार आहे, त्याला हे फोटोंचं आताच पाठवतो. स्पीड पोस्ट उद्या सातपूरहून.